अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत 96.8 पर्सेंटाइल आहेत. पसंतीक्रमात वर मोठी महाविद्यालये टाकली तर हातची जागा जाते का?

जात नाही. हा समज मुळातच चुकीचा आहे आणि तो अधिकारवाणीने पसरवणाऱ्यांचा मला आजही राग येतो. ‘कॅप’मध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याचा पसंतीक्रम वरून खाली पाहिला जातो आणि जो पहिला पर्याय शिल्लक असेल तो त्याला मिळतो. तुमच्या मागे क्रमांक असलेल्याने एखादे महाविद्यालय पहिले टाकले आणि तुम्ही तेच अकरावे टाकले, तरी वरचे दहा न मिळाल्यास ती जागा आधी तुमचीच असते.

माझ्या धाकट्या भावाच्या प्रवेशाच्या वेळी आमच्या सोलापूरच्या घरात याच मुद्द्यावरून मोठा वाद झाला. काकांनी एका सल्लागाराला पैसे देऊन यादी करून आणली होती आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर जवळच्याच एका खासगी महाविद्यालयाची संगणक शाखा होती, कारण काय, तर ‘तिथे नक्की मिळेल’. भाऊ मात्र शेतातल्या पंपाची जळालेली मोटर उघडून तिचे वाइंडिंग न्याहाळत बसणारा मुलगा. त्याला विद्युत अभियांत्रिकीच हवी होती. मी आदल्या वर्षीच्या तिन्ही प्रवेश फेऱ्यांचे कटऑफ, म्हणजे प्रत्येक शाखेत शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला त्याचे तक्ते, छापून घेतले. त्या तक्त्यात प्रत्येक प्रवर्गाखाली आधी गुणवत्ता क्रमांक असतो आणि कंसात पर्सेंटाइल, म्हणजे शेकडा किती मुले मागे आहेत तो आकडा. बहुतेक लोक कंसातलाच आकडा वाचतात. मी क्रमांकांवर पेन्सिलीने खुणा केल्या, कारण परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलला वेगळा क्रमांक येतो. तीन लाख मुले बसली तर एका पर्सेंटाइलमध्ये तीन हजार मुले असतात, हे काकांना पटवता पटवता रात्र झाली.

त्या वर्षी पहिला पसंतीक्रम मिळाला की प्रवेश आपोआप ‘फ्रीझ’ होत असे, म्हणजे तीच जागा कायम होऊन पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नसे. म्हणजे काकांची यादी भरली असती तर पहिल्याच फेरीत भाऊ नको असलेल्या शाखेत अडकला असता. आम्ही त्याच्या आवडीच्या क्रमाने यादी भरली, मिळालेली जागा राखून ‘बेटरमेंट’, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळवण्याची संधी, घेतले आणि एनआयटी या केंद्रीय संस्थांकडे गेलेल्या मुलांच्या जागा मोकळ्या होत गेल्यावर शेवटच्या फेरीत त्याला सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखा मिळाली. काका याला नशीब म्हणतात. मला ते मान्य नाही. तो तक्ता नीट वाचल्याचा परिणाम होता.

तुमच्याबद्दल सांगायचे तर, पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय किंवा पुण्याचे पीआयसीटी या नामांकित महाविद्यालयांची संगणक शाखा खुल्या प्रवर्गातून 96.8 ला मिळत नाही. तरीही मनापासून हवी असेल तर वर टाका, त्याने काही बिघडत नाही. मात्र केवळ नावासाठी नावडती शाखा घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. चार वर्षे शाखेचा अभ्यास करायचा असतो, प्रवेशद्वारावरच्या पाटीचा नव्हे.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कटऑफ पाहताना गृह विद्यापीठ (तुमच्या भागाचे विद्यापीठ), इतर विद्यापीठ आणि राज्यस्तर यांपैकी तुम्हाला लागू असलेलाच रकाना पाहा. टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेच्या जागांचा चॉइस कोड (अर्जात भरायचा पर्यायाचा क्रमांक) स्वतंत्र असतो आणि शिकवणी शुल्क माफ असल्यामुळे त्याचा कटऑफ बहुधा वर जातो. तसेच 2025 पासून फेऱ्या चार झाल्या आणि आपोआप फ्रीझ होण्याचा नियम कडक झाला: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी कोणताही आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला की पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. त्यामुळे वरच्या सहांत ‘असू दे’ म्हणून एकही पर्याय टाकू नका, आणि तुमचा गुणवत्ता क्रमांक न विचारता यादी करून देणाऱ्याला, मग तो घरचा असो वा पैसे घेणारा, तुमच्या अर्जाला हात लावू देऊ नका.