बेसनाचं वॉफल साच्यातून अख्खं का निघत नाही?

मैद्याऐवजी बेसन आणि साखरेऐवजी ओवा-मिरची घालून केलेल्या वॉफलविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : धिरड्याचंच पीठ वॉफल-मेकरमध्ये ओतते. झाकण उघडलं की निम्मं वर चिकटलेलं, निम्मं खाली. साचा नॉनस्टिक आहे, तूपही लावते. – एक वाचक, गुहागर

पीठ पातळ आहे आणि झाकण लवकर उघडलं जातंय. धिरड्याचं पीठ तव्यावर पसरावं लागतं म्हणून सरसरीत असतं. वॉफलचं पीठ त्याहून दाट, पण भज्यांच्या पिठापेक्षा सैल हवं. पळीतून जाड धारेनं पडलं पाहिजे.

४ गोल वॉफलसाठी बेसन २०० ग्रॅम, तांदळाची पिठी ४० ग्रॅम, तेल ३ मोठे चमचे, मीठ १ लहान चमचा, ओवा अर्धा चमचा, हळद आणि हिंग पाव-पाव चमचा, आलं-मिरचीचा ठेचा १ चमचा, पाणी सुमारे २८० मिली. आधी २०० मिली पाण्यात घट्टच घोटून गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी बेतानं घाला. पीठ अर्धा तास झाकून ठेवा; लाडूचं रवाळ बेसन असेल तर पाऊण तास. बेसन सावकाश पाणी पितं, आणि न मुरलेलं पीठ भाजल्यावरही दाताखाली कचकचतं. तेल पिठातच घालायचं. नुसतं साच्याला लावलेलं तूप पहिल्या वॉफलपुरतं पुरतं.

आता झाकणाचं. बेसनात मैद्यासारखा ताणला जाणारा चिकटपणा नसतो आणि या पिठात अंडंही नाही. दोन्ही बाजू आवळून येतात तेव्हा मधला थर अजून ओला असतो. त्या वेळी झाकण उचललं की वॉफल त्या ओल्या थरातूनच फाटतं. मशीनच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका, तो मैद्याच्या हिशेबानं लागतो. पहिली ४ मिनिटं झाकणाला हात लावू नका. कडेनं येणारी वाफ जवळजवळ थांबली की हलकेच उचलून बघा. अडलं तर ओढू नका, आणखी मिनिटभर थांबा. एकूण ५ ते ६ मिनिटं लागतात.

एवढं करूनही चिकटत असेल तर खळग्यांना बोट लावून पाहा. जुन्या तेलाचा चिकट पापुद्रा लागला तर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं तो काढा. तारेची घासणी नको.

प्रश्न : फ्रूट सॉल्ट घातलं तरी पहिलंच वॉफल फुगतं, पुढची दडदडीत होतात. – देवगड

सगळ्या पिठात एकदम घालता, म्हणून. पाणी लागताच त्यातला वायू सुटायला लागतो आणि शेवटच्या पळीपर्यंत उडून जातो. एका वॉफलपुरतं पीठ वाटीत काढा, पाव चमचा फ्रूट सॉल्ट घाला, दोन-तीनदाच ढवळा आणि लगेच ओता.

प्रश्न : सोडा घातला की पिठात लाल ठिपके दिसतात. हळद भेसळीची आहे का? – अलिबाग

तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. हळद सोड्याच्या संपर्कात लाल होतेच. ठिपका म्हणजे न विरघळलेला सोडा. तो चाळून घाला. पिठात चमचाभर कोकमाचं आगळ घातलं तर रंगही सुधारतो आणि सोड्याची चवही मरते. मात्र आगळ खारट असतं, मीठ कमी करा.

प्रश्न : पावसाळ्यात दहा मिनिटांत मऊ पडतात. मुलीच्या डब्यात कसे द्यावेत? – वेंगुर्ला

ताटात एकावर एक रचू नका. आतली वाफ खालच्याला भिजवते. जाळीवर उभे टेकवून ठेवा. पावसाळ्यात बेसन हवेतली ओल धरून बसतं, तेव्हा पाणी २ मोठे चमचे कमीच घेऊन सुरुवात करा. कांदा किंवा ओलं खोबरं घालायचं तर ओतण्याआधी, कारण मिठानं कांद्याला पाणी सुटतं. खोबरं ३ मोठ्या चमच्यांपेक्षा जास्त नको, ते लवकर करपतं. मऊ पडलेलं वॉफल त्याच साच्यात मिनिटभर ठेवलं की परत कुरकुरीत होतं. डब्यात मात्र ती आशा सोडा. पूर्ण गार करून भरा म्हणजे निदान ओलं होणार नाही, आणि सोबत लसणीची सुकी चटणी द्या.

प्रश्न : जवळा घालता येईल का? – मालवण

उत्तम लागतो. वरच्या मापाला पाव वाटी पुरे. निवडून कोरडाच भाजा, धुऊन घट्ट पिळा आणि पिठातलं मीठ निम्मं करा. वास साच्याला बराच काळ राहतो. घरात कोणी श्रावण पाळत असेल तर भांडण ओढवून घेऊ नका.

प्रश्न : संध्याकाळी व्होल्टेज पडलं की वॉफल पांढरटच राहतात. – राजापूर

व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की १००० वॅटचा साचा जेमतेम ६०० वॅटची उष्णता देतो. पीठ भाजण्याऐवजी शिजतं. वेळ वाढवली तर वॉफल वाळतं, खरपूस होत नाही. साचा १० मिनिटं रिकामा तापवा आणि पीठ पाऊण मापच ओता. रोजचीच रड असेल तर गॅसवर ठेवायचा बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा उलटता येणारा साचा घ्या: मध्यम आचेवर दोन्ही बाजू आधी तापवायच्या, पीठ ओतून मिनिटभरात एकदा उलटायचा, मग दर बाजूला ३ मिनिटं.