बाल्टिक क्रूझ: प्रत्येक बंदरावर धावाधाव नको

मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन बाल्टिक समुद्रातल्या क्रूझला निघणार असाल, तर आधी एक बघा: वेळापत्रकातलं शहर आणि जहाज लागतं ते बंदर एकच आहे का? ‘बर्लिन’ लिहिलेलं असतं, पण जहाज जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या वार्नेम्युंडेला थांबतं. तिथून बर्लिन एका बाजूने साधारण तीन तास! आम्ही पहिल्या खेपेला हट्टाने गेलो. ब्रांडेनबुर्ग गेटसमोर पोचेपर्यंत धाकटी पेंगुळली होती आणि सासूबाईंचे पाय सुजले होते. दुसऱ्या खेपेला वार्नेम्युंडेच्याच वाळूत दिवस घालवला. मुलांना आजही तोच आठवतो.

स्टॉकहोमचंही तसंच. काही जहाजं सुमारे ६० किलोमीटरवरच्या न्यूनेसहामनला लागतात. तरी वासा संग्रहालय चुकवू नका. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं अख्खं लाकडी जहाज समोर उभं असतं. लहान मुलंसुद्धा गप्प होतात. १८ वर्षांखालच्यांना तिकीटही नाही.

एस्टोनियातल्या टालिनला जहाजाकडून शहर दाखवायची सहल विकत घेऊ नका. जुनं शहर बंदरापासून चालत जाण्याजोगं आहे. रस्ते मात्र दगडी, बाबागाडी खडखडते.

लांबचा पल्ला असेल तर जहाजाचीच सहल घ्या. तिला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्या टॅक्सीसाठी नाही. स्वीडनहून फिनलंड-एस्टोनियाला जाताना घड्याळ तासभर पुढे सरकतं, तेव्हा परतायची वेळ जहाजाच्या घड्याळावरच बघा.