घोरणे मध्येच थांबते तेव्हा

निपाणीहून एका ताईंनी लिहिले आहे : ‘यजमान ५६ वर्षांचे, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितात. झोप लागत नाही म्हणून तीन महिने रोज अल्प्राझोलाम घेतात; गोळी ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळते. पूर्वीही घोरायचे, पण आता मध्येच आवाज बंद होतो आणि मग दचकून, गुदमरल्यासारखा श्वास घेतात. गोळ्या लपवून ठेवू का?’

ताई, लपवू नका. रोजची ही गोळी एकाएकी तोडली तर जीव घाबरा होतो, हात कापतात, क्वचित फिटही येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.

तुमची भीती मात्र रास्त आहे. झोपेत जिभेचे व घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट अरुंद होते आणि तिथून जाणाऱ्या हवेने टाळूचा मऊ भाग थरथरतो, तेच घोरणे. वाट पुरती मिटली की आवाजही थांबतो, आणि घरच्यांना वाटते, आता कुठे गाढ झोप लागली. अशा वेळी रक्तातला प्राणवायू घटला की मेंदू माणसाला क्षणभर जागे करून श्वास घ्यायला लावतो. या जातीच्या गोळ्या काहींचे स्नायू आणखी सैल करतात आणि हे जागे होणेही लांबवतात. वखारीतून परतताना यजमान थोडी ‘घेत’ असतील (पत्रात तुम्ही तो विषय टाळला आहे), तर दारू आणि गोळी मिळून धोका फार वाढतो. कोडीन (अफूच्या वर्गातले गुंगी आणणारे द्रव्य) असलेल्या खोकल्याच्या औषधाचेही तेच.

मला तर वाटते, रात्री श्वास अडकल्यानेच त्यांची झोप मोडत असावी आणि गोळी त्या मोडलेल्या झोपेवर घेतली जात असावी. दुपारी खतावणीवर डुलक्या येतात का, ते विचारा.

आज रात्री मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचे चित्रण करा आणि श्वास थांबला की मनात सेकंद मोजा. दहा किंवा अधिक सेकंदांचे असे अडथळे तासाला पाच वा जास्त वेळा येत असतील, तर डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. नक्की आकडा रात्रभराच्या तपासणीतच कळतो. चित्रण आणि गोळ्यांचे पाकीट घेऊन बेळगावला छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तरी अडणार नाही, चित्रणाला भाषा लागत नाही.

तोवर त्यांना कुशीवर झोपवा. हलवूनही ते जागे होत नसतील किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा.