किडू लागलेल्या दाढेवर आम्ल कशाला?

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. नवीन दाढेच्या खाचेत पांढरट डाग दिसतो. डॉक्टर म्हणतात, खड्डा पडलेला नाही, आम्ल लावून सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ थर) बसवू. आम्लाने कीड वाढणार नाही का? आमच्याकडे पाणी बोअरचं आहे.
— एक वाचक, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, शंका रास्त आहे, पण दोन्ही आम्लांत फरक आहे. किडीचे जंतू गोड खाल्ल्यावर आम्ल तयार करतात. ते दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने मुरत राहतं. त्यामुळे वरचा पापुद्रा शाबूत राहतो आणि खालचे क्षार निघून जातात. पांढरा डाग तो हाच. म्हणून तिथे टोकदार सळी खुपसू नये. पापुद्रा फुटला की खड्डा झालाच.

डॉक्टर लावतात ती सुमारे ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल, बहुधा निळी. १५ ते ३० सेकंद ठेवून ती पाण्याने धुतात. तेवढ्यात इनॅमलचा, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचाचा, साधारण १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) थर जातो आणि बारीक छिद्रं उघडतात. वाळवल्यावर जागा खडूसारखी दिसली की पकड जमली. लगेच सीलंट भरलं की खालच्या जंतूंचा खुराक तुटतो आणि कीड थांबते.

घोटाळा होतो तो लाळेमुळे. धुऊन वाळवलेल्या जागेला जीभ लागली तरी छिद्रं बुजतात. मग पुन्हा थोडा वेळ आम्ल लावायलाच हवं. तसंच रेटून बसवलेलं सीलंट कडेने सुटतं आणि त्याखाली अन्न अडकतं. दाढेवर अजून हिरडीची झालर असेल तर थांबावं, तोवर ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश (दातावर चिकटणारा लेप) लावून घ्यावं. सीलंट बसल्यावर दर सहा महिन्यांनी कडा तपासायच्या.

बोअरचं सांगितलंत ते बरं केलंत. डाग डाव्या-उजव्या दातांवर सारखेच असतील तर ते फ्लोरोसिसचेही, म्हणजे पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे पडलेलेही, असू शकतात. असं इनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, जेल जास्त वेळ ठेवावी लागते. डॉक्टरांना पाण्याबद्दल आधीच सांगा.

आणि डाग घालवायला घरी लिंबू चोळू नका. तिथे आम्ल लागतं, वरून बंद करणारं काही नसतं.