गावी सरपण कापायला कुठलं चेनचं कटर घ्यावं: ५८ सीसी का नको

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दापोली तालुक्यात गावी आईवडील राहतात, बंब आणि चूल दोन्ही रोज पेटतात, कुऱ्हाड चालवायला माणूस मिळत नाही. वाडीत काजू, कुंपणाच्या कडेने आकेशिया. बजेट दहा-बारा हजार. वडील ६८ वर्षांचे, कटर स्वतः चालवणार म्हणतात. ऑनलाइन ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) पेट्रोल कटर सहा-सात हजारांत दिसतंय, ते घेऊ का?

नका घेऊ. लाकूड घराजवळ आणता येत असेल तर विजेवरचं, १८०० ते २००० वॅटचं, १४ किंवा १६ इंची पट्टीचं कटर घ्या. लाकूड लांब वाडीतच कापावं लागणार असेल तर ३० ते ३५ सीसीचं, १४ इंची पट्टीचं पेट्रोल कटर घ्या, आणि तेही ज्याचे सुटे भाग दापोलीत किंवा खेडमध्ये हातोहात मिळतात अशाच कंपनीचं. स्टिल, हस्कवर्ना यांची लहान मॉडेलं याच वर्गातली आहेत. त्याला बजेट ताणावं लागेल. विजेवरचं माकिता, बॉश वगैरेंचं तुमच्या आकड्याच्या आसपास बसावं.

आता कारणं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत आंबा, काजू, नारळ, पोफळी सगळं आडवं झालं. रस्ते आणि अंगणं मोकळी करायला मिळेल ते कटर लोकांनी घेतलं, आणि त्यानंतर आमच्या मंडणगडकडे ही मोठी स्वस्त कटरं बऱ्याच घरांत आली. त्यातली बरीचशी आता पडवीत पडून आहेत. इंजिन बाद झालंय असं क्वचितच असतं. कार्ब्युरेटरमधला पडदा गेलेला असतो, स्टार्टरचा दोरा तुटलेला असतो, क्लचचा ड्रम झिजलेला असतो. दोन-तीनशे रुपयांचा भाग, पण पेटीवर कंपनीचं नाव एक, आतलं मशीन भलतंच, आणि दुकानदार म्हणतो नमुना घेऊन या, बघू बसतो का. नावाजलेल्या कंपनीचा तोच भाग मॉडेलचा नंबर सांगितला की मिळतो. सरपणाचं काम वर्षातून काही दिवसांचंच, पण ते आगोटीच्या आधी उरकावंच लागतं. नेमकं तेव्हाच कटर बंद पडलं तर पावसाळाभर ओल्या लाकडाचा धूर आईच्या डोळ्यांत जाणार.

दुसरी गोष्ट पट्टीची लांबी. तुमच्याकडच्या काजूचं खोड किती जाड असेल? दहा-बारा इंच, एखादं जुनं झाड पंधरा. १४ इंची पट्टीने एवढं एका बाजूने नाहीतर दोन्ही बाजूंनी सहज निघतं. २२ इंची पट्टी म्हणजे नुसतं जास्तीचं वजन. सगळं धरून ते कटर सहा-सात किलोंच्या घरात जातं, आणि वजन पुढे झुकलेलं. ३२ सीसीचं लहान कटर पट्टी-चेन सोडून चार किलोंच्या आसपास असतं. ६८ वर्षांच्या माणसाच्या कमरेला आणि मनगटाला हा फरक पहिल्या तासाभरातच कळतो. शिवाय १४ इंची चेनला साधारण २५ दात असतात, २२ इंचीला चाळीसच्या वर. ते सगळे दात तुम्हालाच घासायचे आहेत. आणि सीसीचा आकडा बघून ताकद ठरवू नका. बोथट चेनचं ५८ सीसी कटर नुसतं ओरडतं, धारदार चेनचं ३२ सीसी निमूट लाकडात उतरतं.

वीज की पेट्रोल, यात मी वडिलांचं वय आधी धरलं. पेट्रोल कटर थंड असताना दोरी ओढून चालू करणं हे खांद्याचं काम आहे, आणि ते दर वेळी पहिल्या झटक्यात होत नाही. विजेचं खटका दाबला की चालू, सोडला की बंद. आवाज कमी, धूर नाही, पेट्रोल-ऑइलची भानगड नाही, पावसाळ्यात तसंच कोरडं ठेवून दिलं तरी चालतं. अडचण वायरीची. १८०० वॅट म्हणजे जवळपास ८ अँपिअर, तेव्हा १६ अँपिअरचा सॉकेट लागतो आणि वायर अडीच स्क्वेअर एमएमची. इस्त्रीसाठी आणलेल्या बारीक एक्स्टेन्शनवर चालवलं तर वायर तापते, व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. लाइनीवर ईएलसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) नसेल तर आधी ते बसवून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा कापायला घेऊ नका, सकाळी उरका. वादळानंतर आपल्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती, तेव्हा अशा वेळी हे उपयोगाचं नाही हे खरं. पण रोजच्या बंबाच्या लाकडासाठी ते कारण मी धरणार नाही.

चार-सहा इंची बॅटरीवरची छोटी करवतही हल्ली मिळते. फांद्या छाटायला छान आहे. सरपणासाठी ती पुरी पडणार नाही.

आता चेन. माझं खरं सांगणं इथे आहे, कारण कटर कुठलंही आणा, धार लावता आली नाही तर पैसे पाण्यात गेले. चेन चांगली आहे की नाही हे कापताना खाली काय पडतं त्यावरून ओळखायचं. धारदार चेन खोबऱ्याच्या किसासारखा जाडसर कीस टाकते. बारीक पूड पडायला लागली, कटर दाबावं लागतंय, किंवा काप एका बाजूला वाकडा जातोय, की थांबायचं आणि कानस काढायची. गोल कानसच लागते, आणि तिची जाडी चेनच्या मापावर, म्हणजे कड्यांमधल्या अंतरावर ठरते; ते इंचांत लिहिलेलं असतं. लहान कटरना बहुधा ३/८ लो प्रोफाइल (ठेंगण्या दातांची) चेन असते, तिला ४ मिलिमीटरची कानस. ०.३२५ मापाच्या चेनला ४.८ मिलिमीटरची. सोबत गाइड मिळतो, त्यावर ३० अंशांची रेघ असते. तो घ्याच, हात सरावेपर्यंत त्याच्याशिवाय कोन साधत नाही.

ओंडक्यात छोटी खाच पाडून पट्टी त्यात अडकवा म्हणजे हलणार नाही. विजेचं असेल तर प्लग काढलेला, पेट्रोलचं असेल तर इंजिन बंद. हातात मोजे. एका दातावर खडूची खूण करा. कानस दाताच्या आतल्या बाजूकडून बाहेर ढकलायची, परत ओढताना उचलून घ्यायची. घासत मागे आणली तर धारही जाते आणि कानसही. प्रत्येक दाताला दोन किंवा तीन हात, सगळ्यांना सारखेच. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूला उभं राहून उरलेले. दाताच्या वरच्या कडेवर प्रकाश धरून बघा, बोथट कड पांढरी चमकते, धार आली की ती चमक नाहीशी होते. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा छोटा उंचवटा चपट्या कानशीने थोडा खाली घ्यावा लागतो, गेज चेनवर ठेवून बघायचं, तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली राहिला पाहिजे. तो अंदाजाने जास्त खाली घेतला तर कटर लाकूड ओरबाडतं आणि उसळतं. २५ दातांना सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. जेवढ्या वेळा टाकीत पेट्रोल भराल तेवढ्या वेळा दोन हात मारले तर काम कधी जडच होत नाही.

धार जाते ती लाकडापेक्षा मातीने. आपली जांभ्याची माती सालीत बसते, आणि जमिनीवर पडलेला ओंडका कापताना शेवटी चेन जमिनीला लागते. एक स्पर्श झाला की धार संपली. म्हणून लाकडाची एक्स आकाराची घोडी करून घ्या, सुताराला सांगितलं तर उरलेल्या फळ्यांत होते. ओंडका कमरेच्या उंचीवर येतो, वाकावं लागत नाही, जमीन लांब राहते. नारळाचं खोड सरपणासाठी या कटरने कापत बसू नका, त्याचा बाहेरचा भाग चेन खातो. कुंपणाच्या आकेशियात जुनी काटेरी तार आत शिरलेली असते, तेवढा बुंधा सोडूनच द्या. जुन्या घराचे वासे, रिपा यांना तर हे लावूच नका, आत खिळे असतात. आकेशिया वाळला की फार कठीण होतो, तेव्हा ओला असतानाच तुकडे करून घ्यायचे. काजूचा डिंक चेनला आणि पट्टीच्या खाचेत चिकटतो, काम संपल्यावर घासणी आणि थोडं रॉकेल लावून साफ करा.

तेल दोन प्रकारचं. चेनवर पडणारं वेगळं, ते विजेच्या कटरलाही लागतं. गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल त्यात घालू नका, पंप तुंबतो आणि तो मळ सगळा अंगावर उडतो. तेल येतंय का हे पट्टीचं टोक पांढऱ्या कागदापुढे धरून कटर जोरात फिरवलं की कळतं, कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोल कटरमध्ये पेट्रोलात टू-टी ऑइल मिसळावं लागतं. १:५० म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, १:२५ म्हणजे ४०. कुठलं प्रमाण ते त्या मशीनच्या पुस्तकात असतं, दुकानातल्या माणसाच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते दमट हवेत पाणी धरतं. म्हणून पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि मगच ठेवायचं.

वडिलांशी एक गोष्ट मात्र बसून बोला. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागला की कटर क्षणात उलटं वर, तोंडाच्या दिशेने उसळतं. माणसाला हात हलवायला वेळ मिळत नाही. घोडीवर दोन फांद्या एकावर एक ठेवल्या आणि पुढच्या फांदीला टोक लागलं, की हेच होतं. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून आवळलेला, उभं राहायचं पट्टीच्या रेषेच्या जरा डावीकडे, खांद्याच्या वर कटर न्यायचं नाही, शिडीवर किंवा झाडावर चढून तर मुळीच नाही. पुढचा ब्रेक ढकलला की चेन जागीच थांबते ना हे रोज आधी बघायचं. लुंगी-पंचा, चपला नकोत. डोळ्यांना जाळीचा किंवा पारदर्शक मुखवटा, कानांना झाकणं, पायांत जाड बूट. चेन अडवणारी पायघोळ पॅडही मिळते, तिचे धागे चेनमध्ये अडकून कटर थांबतं. मात्र ती पेट्रोल कटरसाठी बनवलेली असते, विजेच्या कटरपुढे तेवढा भरवसा नाही. घरी कोणी नसताना कापायचं नाही. मनगटाएवढ्या बारीक फांद्या कोयत्यानेच तोडाव्यात, त्या चेनखाली नाचतात.

उभं झाड पाडणं हे वेगळं काम आहे, ते वडिलांकडे देऊ नका. गावात कटर घेऊन येणारा माणूस असतो, त्याच्याकडून झाड पाडून हात-दोन हातांचे ओंडके करून घ्या, मग बंबाचे तुकडे घरी करा. आणि पाडण्याआधी वनखात्याकडे विचारा. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ अशा झाडांना, ती खासगी जागेतली असली तरी, परवानगी लागते.

बंबाला तुकडा वीतभर ते फूटभर पुरतो, चुलीला थोडा लांब. उभा फाडायला कटर नको, कुऱ्हाड आणि लोखंडी पाचरच बरी. हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून पडवीत हवा खेळेल असं रचलं तर आगोटीपर्यंत लाकूड खणखणीत वाळतं.

दुकानात गेलात की कटर तुमच्यासमोर थंड असताना चालू करून घ्या, मंद चालत असताना चेन फिरत नाही ना बघा, आणि त्याच वेळी एक जादा चेन, दोन कानशी आणि गाइड बिलात टाका. घराच्या मागच्या सॉकेटपासून लाकडं रचता ती जागा किती मीटर आहे आणि सगळ्यात जाड खोडाचा घेर किती, एवढं मोजून इथे लिहा. मग १४ इंची घ्यायचं की १६, आणि वायर किती लांब, ते नक्की सांगता येईल.