वाचकांचे प्रश्न : मल्टी-इफेक्ट्स घ्यावे की अ‍ॅम्प मॉडेलर?

प्रश्न : मी सांगलीतील एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. घरी सरावासाठी 15 वॅटचा छोटा अ‍ॅम्प आहे. कार्यक्रमात मात्र साउंडवाले गिटार थेट मिक्सरला जोडायला सांगतात. मल्टी-इफेक्ट्स (अनेक इफेक्ट्स एका पेटीत देणारे यंत्र) घ्यावे की अ‍ॅम्प मॉडेलर (अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारे यंत्र), हे ठरत नाही. मित्राचा मॉडेलर माझ्या अ‍ॅम्पला जोडून पाहिला, तर आवाज कोंडल्यासारखा आला. असे का व्हावे?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरेदीचा निर्णयही त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर सर्व स्वर सारखेच ऐकवत नाही. सेलेस्टियनच्या ग्रीनबॅकसारख्या नामांकित स्पीकरचा पल्लाही साधारण 75 ते 5000 हर्ट्झ एवढाच असतो, आणि डिस्टॉर्शनमधील (मुद्दाम फाटवलेल्या आवाजातील) वरची कर्कश खरखर या मर्यादेमुळेच गाळली जाते. मिक्सरला थेट जोडलेल्या गिटारला ही गाळणी मिळत नाही, म्हणून मॉडेलरमध्ये कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आणि त्यासमोरचा मायक्रोफोन यांची नक्कल केलेली असते. त्यासाठी आता बहुधा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचे मोजून टिपलेले नमुने, वापरतात. मॉडेलर आपल्या अ‍ॅम्पला जोडल्यावर आवाज आधी या नकली कॅबिनेटमधून आणि मग खऱ्या स्पीकरमधून, असा दोनदा गाळला गेला असणार. कॅबिनेटची नक्कल बंद करून पाहावे. अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट्स जोडण्याची सोय) असल्यास मॉडेलर त्याच्या रिटर्न जॅकमध्ये जोडावा, म्हणजे अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्पही (आवाजाला रंग देणारा पहिला टप्पा) वगळला जाईल. लहान अ‍ॅम्पना ही सोय बहुधा नसते.

आता नावांविषयी. बॉसचे एमई-5 हे 1988 मधील मल्टी-इफेक्ट्स कोरस, डिले, रिव्हर्ब असे परिणाम एका पेटीत देत असे, पण अ‍ॅम्प पुढे असणारच हे गृहीत धरून. लाइन 6 च्या पॉडने 1998 मध्ये अ‍ॅम्पचीच नक्कल पेटीत आणली. केम्परने 2011 मध्ये त्यापुढे जाऊन, खऱ्या अ‍ॅम्पमधून चाचणीचे संकेत पाठवून त्याची प्रतिकृती टिपण्याची सोय दिली. आज मात्र बॉस जीटी-1 किंवा झूम जी1 फोर यांसारख्या स्वस्त मल्टी-इफेक्ट्समध्येही अ‍ॅम्पचे मॉडेल असतात आणि हेलिक्ससारख्या मॉडेलरमध्ये सगळे इफेक्ट्स असतात, त्यामुळे खोक्यावर काय छापले आहे यावरून निवड करण्यात अर्थ नाही, दुकानदार काहीही म्हणोत.

आपला कार्यक्रमातील आवाज मिक्सरमधूनच बाहेर पडणार असल्याने कॅबिनेटची नक्कल चांगली असणे आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. बाहेरचे इम्पल्स रिस्पॉन्स भरता येतात का, हे दुकानात आधी विचारावे. त्यानंतर पाहावे ते फूटस्विच. ऑर्केस्ट्रात एका गाण्याला स्वच्छ आवाज आणि लगेच पुढच्याला वाह-वाह (पायाच्या पेडलने आवाज उघड-मीट करणारा इफेक्ट) लागतो, तेव्हा वाकून बटणे शोधायला वेळ नसतो. लाइन 6 च्या एचएक्स स्टॉम्प या छोट्या मॉडेलरचा आवाज उत्तम आहे, पण त्याला तीनच फूटस्विच आहेत आणि 9 व्होल्टला 3 अँपिअरची त्याची गरज साध्या पेडल-अ‍ॅडॉप्टरने भागत नाही. माझ्या मते आपण आधी जीटी-1 च्या वर्गातील यंत्र घ्यावे. ते चार एए बॅटऱ्यांवरही चालते. या वर्गातील बहुतेक यंत्रांना एक्सएलआर (तीन पिनांचा, मिक्सरला थेट जोडता येणारा) आउटपुट नसतो, म्हणून मिक्सर दूर असल्यास डीआय बॉक्स (गिटारचा संकेत लांब केबलसाठी योग्य करणारी छोटी पेटी) सोबत ठेवावा, अन्यथा लांब केबलमधून गुणगुण येते.

यंत्र दुकानातील गिटार अ‍ॅम्पवर ऐकून घेऊ नये, पूर्ण पल्ल्याच्या स्पीकरवर ऐकावे, तेही मोठ्या आवाजात. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवले होते), त्यामुळे रात्री हेडफोनवर मन लावून बनवलेला पॅच (यंत्रात जतन केलेली आवाजाची मांडणी) मंडपात घुमतो. घरी बनवलेल्या प्रत्येक पॅचमधील खर्ज कार्यक्रमाआधी साउंड चेकच्या वेळी थोडा कमी करून घ्यावा.