आजोबांच्या ट्रंकेतले कागद: ठेवायचे कुठले, द्यायचे कुणाला?

प्रश्न: नमस्कार. माझे आजोबा बेळगावला मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मिशनच्या शाळेत शिकले, नंतर कोल्हापूरजवळ येऊन त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि जोडीला गरीब, अनाथ पोरांचं बोर्डिंग चालवलं. त्यांच्या दोन ट्रंका आमच्याकडे आहेत. डायऱ्या, मोडीतली पत्रं, मिशनच्या साहेबांची इंग्रजी पत्रं, किर्द, पावत्या, पालकांच्या चिठ्ठ्या, सगळं आहे. २०२१ च्या पुरात खालची ट्रंक भिजली, काही कागद एकमेकांना चिकटलेत. आता शाळेचा मोठा कार्यक्रम आहे, संस्थेचे लोक म्हणतात सगळं आम्हाला द्या. भाऊ म्हणतो चांगली चांगली पत्रं निवडून लॅमिनेट करू, प्रदर्शनात लावू, बाकीचं रद्दीला. आणि डायरीत आजोबांनी कर्जाचं आणि कमिटीशी झालेल्या भांडणाचं बरंच लिहिलंय, ते बाहेर जाऊ नये असं आईला वाटतं. किर्दीच्या एका पानाचा फोटो पाठवत्येय. काय करावं?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ताई, पहिलं काम म्हणजे भावाला थांबवा. प्रेमानं थांबवा, पण आजच थांबवा. निवडणं, लॅमिनेट करणं, रद्दीला घालणं, ही तिन्ही कामं अशी आहेत की एकदा केली की परत फिरता येत नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. किर्दीच्या पानाला गंजलेल्या टाचणीनं एक चिठ्ठी लावलीय, त्यात कुणीतरी लिहिलंय की या महिन्यात फी जमणार नाही, त्याबदल्यात जोंधळे पाठवतो. आणि किर्दीत त्याच्याच शेजारी जमेला दोन पायल्या जोंधळे लिहिलेत, खाली पेन्सिलीनं, वेगळ्या घाईच्या अक्षरात, "बाकी माझ्या पगारातून". आता भावाच्या हिशोबानं ही चिठ्ठी फाटकी, अक्षर वाईट, लिहिणारा कोण ते माहीत नाही, म्हणजे गेली रद्दीत. आणि किर्द तर कोण वाचतंय. पण माझ्या मते तुमच्या दोन्ही ट्रंकांत याहून मोलाचा कागद नसेल, साहेबांचं छापील लेटरहेडवरचं कौतुकाचं पत्र पण नाही. कौतुकाची पत्रं सगळ्याच संस्थापकांना येतात ओ. पोराची फी जोंधळ्यात घेतली आणि राहिलेलं स्वतःच्या खिशातून भरलं, हे कुठल्याच गौरव अंकात नसतं. आणि हे कळतंय ते फक्त चिठ्ठी त्या पानाला टाचलेली राहिली म्हणून, ती वेगळी काढून "पालकांची पत्रं" अशा फाइलीत घातली असती तर तिचा काहीच अर्थ लागला नसता.

म्हणून ट्रंकेतला क्रम मोडू नका. तारखेप्रमाणे लावावं, विषयाप्रमाणे लावावं असा मोह होतो, सगळ्यांनाच होतो, पण आजोबांनी जे ज्याच्यासोबत ठेवलं ते तसंच राहू दे. आपल्याकडे जुन्या दप्तरांत कागद कापडी रुमालात बांधून ठेवायचे, एका प्रकरणाचे कागद एका रुमालात, आणि अभ्यासकाला अर्धी गोष्ट त्या बांधणीतूनच कळते.

तुम्ही मेथडिस्ट म्हणालात म्हणून एका बाईंचं सांगतो. मेरी बोझांके, १७३९ साली लंडनजवळच्या श्रीमंत व्यापारी घरात जन्मलेली. मेथडिस्टांच्या नादी लागली म्हणून घरातून बाहेर पडावं लागलं, आणि १७६३ मध्ये तिनं सारा रायन नावाच्या मैत्रिणीला घेऊन लेटनस्टोनला अनाथ पोरांसाठी घर आणि शाळा सुरू केली. ही सारा पूर्वी घरकाम करणारी बाई, म्हणजे त्या काळात ही जोडीच लोकांना खटकणारी होती. १७६८ मध्ये सगळा संसार उचलून यॉर्कशायरला क्रॉस हॉल नावाच्या जागी नेला, तिथं शेती करून खर्च भागवायचा बेत होता. शेती तोट्यात गेली, कर्ज वाढत गेलं, आणि ते कर्ज तिच्या मानेवर कितीतरी वर्षं होतं. मध्येच १७७१ मध्ये तिनं जॉन वेस्लीला, म्हणजे मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्यालाच पत्र लिहून बायकांनी प्रवचन का करू नये असा वाद घातला, आणि त्यानंही तिचं म्हणणं बऱ्यापैकी मान्य केलं. १७८१ मध्ये जॉन फ्लेचर या पाद्र्याशी लग्न, चारच वर्षांत तो गेला, आणि ही पुढं तीस वर्षं त्याच्याच मॅडली गावी काम करत राहिली, १८१५ मध्ये वारली.

आता हे सगळं आपल्याला इतकं बारकाईनं कसं माहीत? कारण तिची सोबतीण मेरी टूथ हिनं कागद टाकले नाहीत. पत्रं, रोजनिशा, टिपणं, सगळं जपलं. आज तो मोठा संग्रह मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत फ्लेचर-टूथ या नावानं आहे, आणि दोघींची नावं जोडून आहेत हे मला फार आवडतं, नाहीतर जपणाऱ्याचं नाव कोण लावतंय. त्या काळातल्या साध्या बायका काय विचार करत होत्या, कुणाला काय आजार, कुणाची काय अडचण, हे बघायला लोक आजही तो संग्रह उघडतात. तिच्या कर्जाचंही आपल्याला कळतं ते तिनं स्वतःच लिहून ठेवलं म्हणून. त्यामुळं तिचं नाव कमी झालं का? उलट शाळा चालवायला काय मोजावं लागलं ते कळलं.

याच्या उलटंही झालंय, त्याच मेथडिस्टांत. वेस्ली १७९१ मध्ये वारला. त्यानं स्वतःच्या हातानं शेरे लिहिलेली शेक्सपियरच्या नाटकांची प्रत होती, ती जॉन पॉसन नावाच्या त्याच्याच एका सहकाऱ्यानं नष्ट केली, कारण काय तर याच्यातून भक्तांना काही बोध होणार नाही. हेतू चांगलाच होता बिचाऱ्याचा. मोठ्या माणसाची प्रतिमा स्वच्छ राहावी एवढंच. आज लोक हळहळतात, वेस्लीनं नाटक वाचताना काय लिहिलं असेल म्हणून, पण गेलं ते गेलं. तुमच्या भावाचा आणि आईचा हेतू पण असाच चांगला आहे, म्हणून जास्त जपायला सांगतोय.

आईच्या काळजीवर उपाय आहे, आणि तो फाडून टाकणं हा नाही. कागद कुठल्याही ग्रंथालयाला देताना लिहून देता येतं की अमुक डायरी इतकी वर्षं कुणाला दाखवायची नाही. पाकिटात घालून, सील करून, वर तारीख टाकून द्या. कमिटीतल्या ज्या माणसांबद्दल लिहिलंय त्यांची मुलं-नातवंडं गावातच असतील ना, त्यांचाही विचार यात होतो. बोर्डिंगच्या पोरांचे अर्ज तर नक्कीच बंद ठेवायचे. कुणाची आई वारली, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाची जात काय, हे त्या अर्जांत असणार, आणि त्यातली काही पोरं आज आजोबा होऊन राजारामपुरीत फिरायला जात असतील. प्रदर्शनात असला एकही कागद नावासकट लावू नका, संस्थेनं कितीही आग्रह केला तरी.

संस्थेचा मुद्दा. इथं जरा कडक बोलतो. सगळं त्यांना द्या हे चूक, आणि सगळं आमचं हेही चूक. ट्रंकेत शाळेचं जनरल रजिस्टर, कमिटीचं प्रोसिडिंग बुक, संस्थेची किर्द-खतावणी, पावती पुस्तकं असली तर ती संस्थेची आहेत, आजोबांनी घरी आणून ठेवली असली तरी. जनरल रजिस्टर तर शाळेचा कायमचा दस्त, कुणाच्या जन्मतारखेचा दाखला अजून त्यातून निघत असेल. ते परत करा, पण आधी पानन्‌पान फोटो काढा आणि देताना यादी करून सही-शिक्का घ्या. ती टाचलेली चिठ्ठी किर्दीसोबतच जाऊ दे. डायऱ्या आणि आजोबांना व्यक्तिशः आलेली पत्रं मात्र घरची. त्यातही एक गंमत आहे, पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, त्यामुळं साहेबांची पत्रं स्मरणिकेत जशीच्या तशी छापण्याआधी विचार करा.

घरचे कागद द्यायचेच असतील तर शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात, कोल्हापूरच्या पुरालेखागारात किंवा १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात आधी जाऊन बोला, ट्रंक घेऊन जाऊ नका, चार फोटो घेऊन जा. विचारा की यादी कोण करणार, वाचायला कुणाला देणार, आम्हाला कधी बघता येईल का. उत्तरं कागदावर मिळाली तरच द्या. बोर्डिंग म्हणजे काय ते या गावाला सांगायला लागत नाही, शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार बोर्डिंगं उभी केली त्याचे सरकारी कागद बऱ्यापैकी जपलेत, विद्यापीठानं महाराजांची कागदपत्रं खंडांत छापलीत पण. पण दरबाराच्या मदतीशिवाय, स्वतःच्या पगारावर चाललेल्या छोट्या बोर्डिंगांचे कागद फार कमी दिसतात. म्हणून तुमच्या ट्रंकांना किंमत.

आता भिजलेल्या ट्रंकेचं. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, उन्हात तर अजिबात घालू नका, शाई उडते आणि कागद पापडासारखा वळतो. बुरशीचा वास येत असेल तर आधी मास्क लावा, खिडकी उघडा, पंख्याची हवा थेट कागदावर नको, खोलीत फिरू दे. जे सहज सुटतात त्यांच्यामध्ये कोरा, न छापलेला न्यूजप्रिंट घाला आणि तो ओलसर झाला की बदलत राहा. गठ्ठाच झाला असेल तर तो तसाच ठेवा आणि जाणकाराला दाखवा. (पुढच्या पावसाळ्यासाठी सांगून ठेवतो, देव करो वेळ न येवो: कागद भिजल्या भिजल्या वाळवायला जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकायचे, बुरशी थांबते आणि नंतर सावकाश काम करता येतं. दोन दिवसांच्या आत, नाहीतर उशीर होतो. आणि ट्रंक पंचगंगेच्या बाजूच्या घरात तळमजल्यावर ठेवूच नका, एवढं तर आपल्याला २०१९ नं पण शिकवलं होतं.)

टाचण्या आणि स्टेपलर पिना हळूच काढा, पण ज्यांना टाचल्या होत्या ते कागद एका दुमडलेल्या कोऱ्या कागदात एकत्र ठेवा. सेलोटेप नको, फेविकॉल नको, डांबरगोळ्या कागदावर नको. नंबर घालायचे तर मऊ पेन्सिलीनं, कोपऱ्यात. फोटो मोबाइलनं काढले तरी चालतात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, आणि मागची बाजू पण काढा, लोक पाठकोऱ्या बाजूवरच खरं लिहितात. मोडी वाचणारं घरात कुणी नसेल तर घाबरू नका, कोल्हापुरात मोडी शिकलेली तरुण पोरं आता बरीच आहेत.

प्रश्न: मी एम.ए. इतिहास करतोय. कोल्हापुरातल्या मेथडिस्ट मिशनच्या शाळांवर काम करायचंय, पण इथं कागदच सापडत नाहीत. कुठं शोधू?
(एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर: सापडत नाहीत कारण तुम्ही चुकीच्या पंथाचे शोधताय! कोल्हापुरात मुख्य काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन लोकांचं. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आला, शाळा काढल्या, त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ चा, कोल्हापुरातच जन्मलेला. पुढं मिरजेला वानलेस डॉक्टर आले ते पण त्याच मिशनचे. त्यांचे कागद फिलाडेल्फियाला प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. अमेरिकन मेथडिस्टांचे हवे असतील तर न्यू जर्सीत मॅडिसन गावी ड्र्यू विद्यापीठाच्या आवारात त्यांचं अभिलेखागार आहे, आणि आपल्या बाजूला मेथडिस्ट म्हटलं की बेळगाव, पुणे, मुंबई बघायचं. मेथडिस्टांतलंच शाळेचं नाव हवं तर लखनौच्या इझाबेला थोबर्नचं बघा, १८७० मध्ये बाजारात एका खोलीत सहा मुलींवर सुरू केलेली शाळा, तिचं पुढं कॉलेज झालं. ईमेल करायला लाजू नका, असल्या ठिकाणचे लोक उत्तर देतात, फक्त "सगळी माहिती पाठवा" असं लिहू नका, कुठलं वर्ष, कुठलं गाव, कुठली शाळा हे नेमकं लिहा.

आणि वरचा प्रश्न वाचलात ना? त्या ताईंची हरकत नसेल तर त्यांचा पत्ता आमच्याकडं आहे, तुमचं पत्र त्यांना पोचवू.

प्रश्न: लॅमिनेट केलेलं जुनं प्रमाणपत्र परत मोकळं करता येतं का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: घरी नाही. इस्त्री, केरोसिन, थिनर, नेटवरचं काहीही करू नका. आहे तसं अंधारात, सपाट ठेवा, फोटो काढून घ्या, आणि बाकीच्या कागदांना त्या मशीनपासून लांब ठेवा.